लेडीज वॉशरूममधला डबा काढा म्हणणाऱ्या त्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ठिकाणी आला. सोसायटीचा ग्रुप, शाळेतल्या मैत्रिणींचा ग्रुप, आमच्या बिल्डिंगमधल्या ॲडमिनवाल्यांचा ग्रुप, आणि वरून आमच्या सरांनी पण पर्सनलवर पाठवला, खाली नुसतं एक प्रश्नचिन्ह टाकून. मेसेज असा की ऑफिसच्या वॉशरूममधे वापरलेल्या पॅडसाठी डबा ठेवू नका, त्याने रोगराई पसरते, तो हॉस्पिटलचा कचरा आहे म्हणून ऑफिसने ठेवणं बेकायदेशीर आहे, पॅड तर कापूस अन् कागदाचाच असतो तर सरळ फ्लश करा, नाहीतर जाळायची मशीन बसवा आणि विषय संपवा, आणि तेही नको असेल तर ही बायकांची खाजगी बाब आहे, जिचं तिने घरी न्यावं. शेवटी हात जोडलेले तीन इमोजी.

मी नागपुरातच आयटी पार्कच्या बाजूला एका ऑफिसचं ॲडमिन पाहते, नऊ वर्षं झाली, म्हणजे चहाच्या कपांपासून तुंबलेल्या ड्रेनेजपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. सरांच्या प्रश्नचिन्हाला उत्तर लिहायला बसले तर ते लांबतच गेलं, म्हणून सगळ्यांसाठीच टाकून राहिली.

आधी कापसाचं बोलू. विदर्भात राहून पॅडला कापूस म्हणणारा माणूस कधी वावरात गेलाच नसावा. एक नवीन पॅड घ्या, कात्रीने मधोमध कापा, आतला भुसा वाटीत झटका आणि चमच्याने थोडं थोडं पाणी टाकत जा. दोन मिनिटांत त्याची जेली होते, वाटी उलटी केली तरी पटकन सांडत नाही. ते सोडियम पॉलीॲक्रिलेट आहे, बाळाच्या डायपरमधे असते तीच पावडर. वरचा मऊ थर बहुतेक पॉलीप्रॉपिलीन नाहीतर पॉलीथिलीनचा, खालचा न गळणारा थर प्लास्टिकची फिल्म, चिकटवायला गोंद, आणि या सगळ्याच्या मधे लाकडाचा पल्प, तेवढाच काय तो कागद. खऱ्या कापसाचे पॅड मिळतात, कापडाचे धुवून वापरायचे पण मिळतात, पण ऑफिसखालच्या मेडिकलमधून मुली जे घेऊन येतात ते हे प्लास्टिकवालं, आणि ते आपल्या हयातीत तरी सडत नाही.

आता हीच जेली फ्लशमधे टाका म्हणतात! दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या फ्लोअरचं लेडीज वॉशरूम तुंबलं, पाणी उलटं येऊन राहिलं होतं. प्लंबर भाऊने खाली चेंबरचं झाकण उघडलं, बांबूची लांब पट्टी घालून बराच वेळ खालवर केली, मग शेवटी बाही वर करून हातच घातला. चार इंची पाईपच्या वळणावर तीन पॅड एकावर एक बसलेले, फुगून छोट्या उशीएवढे झालेले, आणि त्यांच्याभोवती केस, टिश्यू, काय काय गुंडाळलेलं. त्याच्याजवळ ग्लव्हज नव्हते, मी पळत जाऊन पॅन्ट्रीतले आणून दिले तोवर दोन बाहेर निघाले पण होते. दीड दिवस फ्लोअर बंद, सगळ्या बायका खालच्या ऑफिसमधे परवानगी मागून जात होत्या. आणि हे आमच्याच पाईपमधे अडकलं म्हणून आम्हाला कळलं. पुढे गेलं असतं तर कुठल्या तरी मोठ्या गटारात अडकलं असतं आणि तिथे कोणी तरी माणूस उतरला असता, 2013 च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय असं माणसाला उतरवायला बंदी असूनही. फ्लश करणाऱ्याला मात्र वाटतं की बटन दाबलं, झालं.

"हॉस्पिटलचा कचरा आहे, ऑफिसने ठेवणं बेकायदेशीर." हे खोटं आहे, पण खोटं थोडं हुशारीने बनवलं आहे, म्हणून लोक फसतात. बायोमेडिकल वेस्टचे 2016 चे नियम दवाखाने, लॅब, ब्लड बँक अशा ठिकाणी तयार होणाऱ्या कचऱ्यासाठी आहेत. तिथला रक्ताळलेला कापूस-बँडेज पिवळ्या पिशवीत जातो ते बरोबरच आहे. पण घरातलं, ऑफिसातलं वापरलेलं पॅड घनकचऱ्याच्या नियमांत येतं. 2016 च्या घनकचरा नियमांत सॅनिटरी कचऱ्याची वेगळी व्याख्याच दिली होती, पॅड, टॅम्पॉन, डायपर, कंडोम सगळं त्यात, आणि ते नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात द्यायचं असं सांगितलं होतं. कंपन्यांनी सोबत पाऊच द्यावा असंही त्यात होतं, किती कंपन्या देतात ते पाकीट उघडून पहा. आता 2026 च्या नव्या नियमांत तर ओला, सुका, सॅनिटरी आणि स्पेशल केअर असे चार वेगळे भागच केलेत. म्हणजे कायदा तुम्हाला वेगळं ठेवा म्हणून राहिला आहे आणि मेसेज म्हणतो वेगळं ठेवलं तर गुन्हा. काहून बाप्पा?

रोगराईचं. इथे मेसेज अर्धा बरोबर आहे, ते मान्य करते. रक्त आहे, त्यातून कावीळ बी सारखा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवसांपर्यंत तग धरू शकतो. पण तो झाकण लावलेल्या डब्यातून उडी मारून वॉशरूम वापरणाऱ्या बाईला होत नाही. धोका कोणाला, तर जिच्या हाताला चिरा आहेत आणि जी बिनाग्लव्हजने ते उचलते तिला. आता सांगा, डबा काढला तर तिचा हात वाचतो का? डबा नसला तेव्हा आमच्याकडे पॅड कुठे कुठे निघालेत ते सांगते: फ्लशच्या टाकीमागे, खिडकीच्या जाळीत, बेसिनखालच्या ओल्या कचऱ्यात चहाच्या चोथ्यासोबत. एकदा तर आमच्या हाऊसकीपिंगच्या मावशींनी वर्तमानपत्राची एक पुडी उघडली. त्या कागद वेगळा करून कबाडीला देतात, तेवढेच चार पैसे मिळतात. मी बाजूलाच उभी होती. पुडी पूर्ण उघडायच्या आधीच त्यांनी तोंड फिरवलं, ती परत तशीच घडी केली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "मॅडम, मले वाटलं समोशाचा कागद हाय." त्या दिवसापासून मला हे रोगराईवालं वाक्य ऐकवतच नाही. समोसा, पोहे आणि पॅड, तिन्हीची पुडी सारखीच दिसते, हा पण एक प्रॉब्लेम आहेच ना.

पुण्याच्या 'स्वच्छ' नावाच्या संस्थेच्या कचरावेचक बायकांनी यावर एकदम सोपी आयडिया चालवली होती, कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडायच्या आधीच कळतं. आम्ही पण डब्याजवळ जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे आणि दोरीला बांधून एक लाल स्केचपेन ठेवलाय. दोरी यासाठी की पहिले दोन पेन गायब झाले.

वासाचं म्हणाल तर वास येतो, खोटं कशाला बोलू, आणि नागपूरच्या मे महिन्यात 45 डिग्रीत तर येणारच. पण त्याचं उत्तर दिवसातून दोनदा रिकामा करणं आहे.

आता मशीन. हा मुद्दा मेसेजमधला सगळ्यात गोड आहे कारण साहेब लोकांना आवडतो, एकदा पैसे भरा, रिबन कापा, फोटो काढा. आमच्याकडे पण होती. भिंतीवर टांगलेला पांढरा डबा, वर स्लॉट, समोर लाल दिवा. पहिला महिना छान चालली. मग एक दिवस खालचा राखेचा ट्रे ओढला तर त्यात राख नव्हती, बाहेरून काळं अन् आतून ओलं असं लोळागोळा होतं, पोळी जळून कणीक कच्ची राहते ना तसं. धूर बाहेर न्यायला पाईप काढायचा होता तो बसवणाऱ्याने फॉल्स सीलिंगच्या वर नेऊन सोडून दिला होता, म्हणजे धूर आमच्याच डोक्यावर. एक मुलगी दम्याची आहे, तिने वॉशरूमला जाणंच कमी केलं होतं आणि आम्हाला महिनाभर कळलंच नाही.

यामागचं कारण साधं आहे. दवाखान्याच्या कचऱ्याच्या भट्टीला नियमाने दुसऱ्या चेंबरमधे 1050 डिग्रीच्या आसपास तापमान लागतं आणि धूर तिथे कमीत कमी 2 सेकंद थांबावा लागतो. ओलं पॅड, त्यात प्लास्टिक, त्यात पाणी धरून बसलेली जेली, हे सगळं कमी आचेवर अर्धवट जळलं आणि त्यात क्लोरीन असलं तर डायॉक्सिन आणि फ्युरान तयार होतात, आणि हे विष दिसत नाही. मी मशीनच्या विरोधात नाही. आपल्याच वर्धा रोडवरच्या नीरीने, म्हणजे पर्यावरणावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने, हैदराबादच्या एआरसीआय संस्थेसोबत मिळून ग्रीनडिस्पो नावाची मशीन बनवली आहे, त्यात पॅड जाळायला 800 च्या वर आणि निघणाऱ्या वायूसाठी 1050 च्या वर तापमान जातं. म्हणजे करता येतं. पण तुम्हाला मशीन विकायला आलेल्या माणसाला दोनच गोष्टी विचारा, तापमान किती जातं ते मोजून लिहून दे, आणि धूर कुठे सोडतोस ते दाखव. आमच्यावाल्याने पहिल्या प्रश्नाला "एकदम हाय टेम्परेचर मॅडम" असं उत्तर दिलं होतं.

घरी न्या. बरं. सकाळी अकराला बदललेलं पॅड पर्समधे ठेवायचं, जेवणाच्या डब्याच्या बाजूला, संध्याकाळी साडेसहाला स्कूटीच्या डिक्कीत, मग घरी. हे कोणी करत नाही. काय करतात ते मी सांगते, बदलतच नाहीत. नऊ तास एकच, मग रॅश, खाज, आणि चौथ्या दिवशी सुट्टीचा मेल "फिव्हर" म्हणून. जी बुटीबोरीवरून बसने येते तिचे तर येण्याजाण्याचे तास अजून वेगळे.

आणि एवढा मोठा हा कचरा तरी आहे किती? आमच्याकडे 40 बायका. प्रत्येकीचे महिन्यातले ऑफिसात येणारे दिवस तीन-चार धरा, दिवसाला दोन पॅड, झाले 300 च्या आत-बाहेर, भागिले 25 दिवस, रोजचे बारा. बारा पॅडसाठी एवढं महाभारत! दोन पेडलचे डबे, आत काळी पिशवी, मावशींसाठी जाड ग्लव्हज, पिशवी तोंड बांधून तशीच्या तशी घंटागाडीवाल्याला वेगळी द्यायची, त्याने नाही म्हटलं तर भांडायचं. मी भांडते. पुढे भांडेवाडीला, म्हणजे शहराच्या कचरा डेपोत, ते वेगळं राहतं की एकाच ढिगात जातं यावर मनपाला विचारायलाच पाहिजे, पण त्यासाठी आधी आपल्याकडून वेगळं निघायला हवं ना.

राहिलं "बायकांची खाजगी बाब". हे सगळं मी सरांना पाठवलं, सरांनी अंगठा दाखवला, विषय तिथेच थांबला असता. दोन दिवसांनी आमच्या ऑफिसमधले एक सिनिअर, कोण ते सांगत नाही, माझ्या टेबलाजवळ आले, इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले की मॅडम, माझं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालंय, मला पण पॅड लावावं लागतं, आणि जेन्ट्समधे टाकायला काहीच नाही, मी रोज बॅगेत घरी नेऊन राहिलो.

संध्याकाळी सीताबर्डीवरून तिसरा पेडलचा डबा आणला. जेन्ट्समधे बेसिनच्या बाजूला ठेवलाय. काहून ठेवला ते अजून तरी कोणी विचारलं नाही.