गाझपाचोत झोपेच्या गोळ्या आणि आमचा वकील

बंड्याचं म्हणणं असं की लफड्यावर कॉमेडी होऊच शकत नाही, ज्याच्या घरात घडतंय त्याला विचार म्हणे हसू येतंय का. विषय निघाला स्मितामुळं. तिनं अल्मोदोवारचा 1988 चा स्पॅनिश पिक्चर बघितला, ‘विमेन ऑन द व्हर्ज ऑफ अ नर्व्हस ब्रेकडाउन’, आणि विश्रामबागच्या आमच्या गाड्यावर चहा हातात यायच्या आत अर्धी स्टोरी सांगून मोकळी.

तर पेपा म्हणून एक डबिंग आर्टिस्ट. तिचा इव्हान पण डबिंगवालाच, आवाज एकदम मखमली, आणि हा बाबा तिला सोडतो ते आन्सरिंग मशीनवर निरोप ठेवून, वर माझी बॅग भरून ठेव म्हणतो! ती त्याच्यासाठी गाझपाचो करते, म्हणजे आपलं टोमॅटोचं सार समजा पण कच्चं आणि गार, आणि त्यात झोपेच्या गोळ्या घालते. तो काय येत नाही. बाकी सगळं गाव येतं, मैत्रीण, त्याचा पोरगा, पोराची होणारी बायको, पोलीस, आणि ते पोलीससुद्धा पिऊन आडवे.

"तिकडं चालतंय लगा, आपल्याकडं न्हाई," बंड्या.

मी म्हणलं, सांगलीत बसून हे बोलतोस? हरिपूरच्या देवलांचं संशयकल्लोळ मग काय आहे? मूळ मोलिएरचं, इंग्रजीतनं फिरत आलेलं, 1916 ला संगीत होऊन उभं राहिलं. फाल्गुनरावाला बायकोचा संशय, कृत्तिकेला नवऱ्याचा, एका तसबिरीवरनं सगळा घोळ, लोक अजून हसतायत.

यावर स्मिता म्हणली, पण त्यात कोणी काय केलेलंच नसतं की. आपल्याकडं लफड्यावर कॉमेडी चालते, फक्त लफडं झालेलं नसलं पाहिजे, गैरसमज मिटला की पडदा. इव्हाननं मात्र खरंच केलंय, आधीची बायको, मग पेपा, आता तिसरी, तरी हसू येतं कारण पिक्चर त्याच्या मागं जातच नाही, बायकांपाशी थांबतो. हे मला शंभर टक्के पटलं.

वकिलाला राहवलं नाही. त्यानं व्यभिचाराचं कलम 497 काढलं, 27 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टानं रद्द केलं ते, तोवर बाईच्या नवऱ्याला परपुरुषावर केस करता यायची पण फसवलेल्या बायकोला काहीच नाही, आणि घटस्फोटाला ते कारण आजही चालतं वगैरे वगैरे. स्मितानं ऐकून घेतलं आणि म्हणली, पेपा पण मैत्रिणीच्या भानगडीसाठी वकिलीणबाईकडं जाते, इव्हानची तिसरी तीच निघते. वकील गप.

शेवट पण तिनं सांगून टाकला (शिव्या खाल्ल्या). एअरपोर्टवर पेपा इव्हानचा जीव वाचवते, तो मग बोलूया म्हणतो, ही म्हणते उशीर झाला, आणि पोटात मूल आहे हे त्याला न सांगता घरी येऊन सांगते कोणाला, तर गाझपाचो पिऊन झोपलेल्या पोराच्या त्या होणाऱ्या बायकोला.

"बायका एवढं उघड बोलतात होय?"

"तुम्ही उठून गेलासा की."

बंड्या म्हणला बरं, बायकोला दाखवतो. स्मिता म्हणली तिनं बघितला, माझ्याकडंच, परवा. आता बंड्याचा चहा गार. काय काय बोललीसा, हे त्यानं तिला तीनदा विचारलं.