स्टेशनपासून पाच मिनिटं

"अरे, स्टेशनपासून पाच मिनिटं," दादा फोनवर म्हणाला आणि मी फसलो.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. पूर्वी परळच्या चाळीत आमच्यापासून दोन खोल्या सोडून राहायचा. अठरा वर्षांपूर्वी त्याने ती खोली विकली आणि तेवढ्याच पैशात बदलापूरला टूबीएचके घेतला. वर थोडे पैसे उरले, त्यात फ्रीज घेतला. मी परळ सोडलं नाही. तेव्हापासून त्याला माझ्या जागेची कीव येते आणि मला त्याच्या प्रवासाची. या परस्पर कीवेवर आमचं नातं उत्तम चाललंय. मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं नसतं, तर ते तसंच दुरून चालू राहिलं असतं.

"शनिवारी संध्याकाळी निघ, गर्दी नसते. रविवार राहा. सोमवारी सकाळी माझ्याबरोबर परत," असा कार्यक्रम दादानेच आखून दिला. त्यातले 'सोमवारी सकाळी माझ्याबरोबर' हे शब्द मी नीट ऐकायला हवे होते.

शनिवारी साडेसहाला दादरला पोचलो. जुना दादरकर असल्याच्या तोऱ्यात मी सवयीच्या नंबराचा फलाट शोधायला लागलो, तर तो नंबर तिथून उठून गेलेला. २०२३ च्या डिसेंबरात दादरचे फलाट नव्याने मोजले, मध्य रेल्वेचे आता आठपासून चौदापर्यंत आहेत. हे मी पेपरात वाचलं होतं, पण पेपरात वाचलेलं आणि जिना चढून कळलेलं यात फरक असतो. चढलो, उतरलो, पुन्हा चढलो.

मग इंडिकेटर. 'के' म्हणजे कल्याण, 'टी' म्हणजे ठाणे, इथवर ठीक. मला 'बीएल' हवी होती आणि समोर आली 'एस'. मी बाणेदारपणे ती सोडली. गाडी हलल्यावर शेजारचे गृहस्थ म्हणाले, "कुठे जायचंय? बदलापूर? मग हीच की! एस म्हणजे कर्जत, बदलापूरवरूनच जाते."

"कर्जतमध्ये एस कुठून आला हो?"

गृहस्थ खुलले. कल्याणनंतर एक फाटा ईशान्येला कसाऱ्याकडे जातो, दुसरा आग्नेयेला कर्जतकडे. म्हणून कसाऱ्याला नॉर्थचा एन आणि कर्जतला साउथचा एस. त्यांनी हवेत बोटाने नकाशाही काढला. ज्ञानात भर पडत होती तेवढ्यात बीएल आली, गृहस्थ बोलता बोलताच तिच्यात चढले आणि नकाशा माझ्याजवळ राहिला.

तिसऱ्या गाडीत मी चढलो. 'चढलो' हे आपलं म्हणायला. दाराशी उभा होतो, पुढच्या क्षणी आत होतो. मधलं काम लोकांनी केलं. एक पाय जमिनीवर, दुसरा कुणाच्या तरी डब्याच्या पिशवीवर. देशातली पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेली तेव्हा चौदा डब्यांत चारशे पाहुणे होते, हे शाळेत पाठ केलेलं तेव्हा अचानक आठवलं. म्हणजे डब्याला एकोणतीस माणसंसुद्धा नाहीत. एवढी तर माझ्या डाव्या खांद्यावर होती.

"कुठे उतरणार?" मागून आवाज आला.

"बदलापूर."

"मग दारात काय करताय? आत जा!" आवाजात जरब होती आणि थोडी दयाही. आत गेलो. आत म्हणजे दोन सीटांच्या मध्ये, जिथे बसलेल्यांचे गुडघे आणि उभ्यांचे गुडघे यांची वाटाघाटी चालते. तिथे चौथ्या सीटवर बसलेले एक काका होते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: बाक तिघांचा असतो, त्यावर चौथा बसतो तो निम्माच बसतो. उरलेला निम्मा त्याने स्वतःच्या पायांवर तोलायचा. काका तसे अधांतरी बसून निवांत घोरत होते. व्यायामशाळेत लोक याचे पैसे भरतात.

ठाण्याला आणखी माणसं आत घुसली तेव्हा डब्यातून एकमुखाने नाराजी उठली. "ठाण्याला एवढ्या गाड्या आहेत, आमच्याच गाडीत कशाला कडमडतात?" कळव्यापर्यंत मीही त्यात होतो. "नाहीतर काय! ठाणेवाल्यांना काही वाटतच नाही," असं मी मोठ्याने म्हणालो. परळचा माणूस. माझी सख्खी बहीण ठाण्याला दिलेली आहे.

कल्याणला गाडीने श्वास सोडला. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ करत डबा उकलत गेला आणि माझा हात कुठे आहे ते मला दिसलं. अंबरनाथनंतर बराच वेळ स्टेशनच येत नाही. अंधार, ओल्या गवताचा वास, दारातून येणारा गार वारा. उभ्याने का होईना, पण बरं वाटलं. जागा रिकाम्या झाल्या होत्या, पण आता बसून काय करायचं म्हणून बसलो नाही. खरं सांगायचं तर गुडघे वाकत नव्हते.

सव्वा तासाने बदलापूर. आता फक्त पाच मिनिटं.

या पाच मिनिटांवर कुणीतरी नीट संशोधन करायला हवं. माझा अंदाज असा, की बिल्डरचा माणूस पहाटे चार वाजता, रस्ते कोरडे असताना, मोटारसायकलवर उतारावरून गेला असावा. तो आकडा माहितीपत्रकात छापला गेला आणि मग घर घेणाऱ्यांच्या रक्तात उतरला. शेअर रिक्षाची रांग जिना उतरताच सुरू होत होती. वीस मिनिटांनी नंबर लागला आणि मला रिक्षावाल्याच्या शेजारची अर्धी सीट मिळाली. गाडीत चौथी सीट पाहिली होती, इथे ती भोगली. उजवा कुल्ला सीटवर, डावा शहराच्या हद्दीत. प्रत्येक वळणाला रिक्षावाला कोपराने मला आत ओढत होता, मायेने.

"किती वेळ लागेल हो?"

"पाच मिनिटं."

दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं. उत्तर बदललं नाही. माणूस शब्दाचा पक्का होता.

दारात मावशी वॉकर धरून उभी. "वाट वाकडी केलीस बाबा एकदाची!" गुडघ्याची चौकशी करायला मी आलो होतो, पण माझी चाल बघून तिनेच माझ्या गुडघ्याची चौकशी केली. वहिनींनी पोह्याचे पापड तळले, पिठलं-भात वाढला. दादाने घर दाखवलं. तीनदा दाखवलं. चाळीत वाढलेल्या माणसाला दुसरी बेडरूम ही गोष्ट अठरा वर्षांनीही खरी वाटत नाही. तो दिवा लावून आत डोकावतो, आहे ना याची खात्री करून दिवा घालवतो.

रविवारी सकाळी मी गॅलरीत आलो आणि थक्क झालो. रात्री पाऊस पडून गेला होता. समोर हिरवागार डोंगर, त्याच्यामागे एक उंच टोकदार सुळका, त्याला ढग अडकलेले. परळला माझ्या खिडकीतून समोरच्यांचा टीव्ही दिसतो.

दादा साडेदहाला डोळे चोळत आला. मी विचारलं, "काय रे तो?"

"कुठला?"

"तो काय समोर!"

"डोंगर आहे," दादा म्हणाला. अठरा वर्षांच्या वास्तव्याचं सार.

आतून मावशी ओरडली, "चंदेरी आहे रे तो! वांगणीच्या बाजूचा. मागच्या वर्षी सोसायटीतली पोरं चढून आली."

"असेल," दादा म्हणाला. वांगणी हे बदलापूरच्या पुढचं स्टेशन. बदलापूरच्या पुढे रूळ जातात हे दादाला ऐकून माहीत आहे. मुंबईच्या उलट्या दिशेला तो कधी गेलेला नाही.

मग मला नादच लागला. भाजी कुठून आणता? वहिनींना माहीत. उल्हास नदी इथून किती लांब? मावशीला माहीत, विसर्जनाला जाऊन आली होती. बदलापूरची जांभळं, ज्यांना आता जीआय मानांकन मिळालंय, ती कुठे मिळतात? वहिनी म्हणाल्या, "भावोजी, यांना विचारूच नका. बाजाराला यांना बरोबर नेलं तर हे परत येताना हरवतात." शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं? दादाने विचार केला. "सात एकोणीसच्या गाडीला नाही येत तो," म्हणाला. म्हणजे तपास थांबला.

अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं, शिलाहारांचं. दादा रोज दोनदा अंबरनाथवरून जातो. मंदिर पाहिलेलं नाही. पण अंबरनाथला तिसऱ्या दारातून कोण चढतो, त्याच्या मुलीचं लग्न कुठे ठरलंय आणि व्याही कसे नडतायत, हे त्याला पाठ आहे. कुर्ल्याचा जिना नेमका कुठल्या डब्यासमोर येतो, हे तो डोळे मिटून सांगतो. विक्रोळीच्या अलीकडे रुळाला कुठे खडखड होते तेही. तेव्हा मला उलगडलं, की दादाचा पत्ता आपण सगळेच चुकीचा लिहितो. त्याला पत्र पाठवायचं तर 'मागून चौथा डबा, खिडकीच्या समोरची सीट' असं पाठवावं. बदलापूरला तो मुक्कामाला येतो. घरचे मात्र तिथे खरोखर राहतात.

पावसाचे ढग पाहून मी भीत भीत पुराचा विषय काढला. २०१९ च्या जुलैत याच भागात महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती, हजारभर माणसं बोटींनी बाहेर काढली होती.

"ते वांगणीच्या बाजूला," तिघंही एका सुरात म्हणाले. बदलापूरबद्दल दादाला एवढं एक मात्र पक्कं ठाऊक होतं.

रविवारी रात्री नऊला घरात निजानीज झाली. दादाने सॅक भरली, छत्री सॅकच्या डाव्या कप्प्यात, पास उजव्या, मोबाइल पुढच्या. सैनिकाने आघाडीवर जाण्याआधी करावी तशी तयारी. मला म्हणाला, "सकाळी एकच लक्षात ठेव. गाडी थांबायची वाट बघायची नाही."

"गाडी इथूनच सुटते ना? मग रिकामी येईल."

दादा हसला. लहान मुलाने देव कुठे राहतो विचारल्यावर मोठी माणसं हसतात तसा.

सोमवारी सकाळी सात वाजून पंधरा मिनिटांनी आम्ही फलाटावर होतो. घरून निघालो होतो साडेसहाला. (पाच मिनिटं.) मागून चौथा डबा जिथे थांबतो तिथे दादाचा ग्रुप उभा होता: सहा जण, सॅका पोटावर, नजर अंबरनाथच्या दिशेला. गाडी आली आणि मला दिसलं, की ती भरलेली आहे. अंबरनाथ-उल्हासनगरचे लोक उलटे बसून बदलापूरला आले होते. उतरले कुणीच नाहीत. त्याच जागेवर बसून त्यांना आता मुंबईला जायचं होतं. बदलापूरच्या गाडीत बदलापूरकर उभे. ठाणेवाल्यांवरचा माझा राग त्या क्षणी अंबरनाथवर सरकला आणि पहिल्यापेक्षा जोरात पेटला.

ग्रुपमधला एक सडपातळ माणूस मात्र गाडी थांबण्याच्या आधीच आत होता आणि त्याने रुमाल, छत्री व स्वतःची चप्पल अशा तीन वस्तूंनी तीन जागा धरल्या होत्या. त्यातली एक पाहुणा म्हणून मला दिली. चप्पलवाली.

पुढे जे झालं त्याला प्रवास म्हणणं अपुरं आहे. डोंबिवलीपर्यंत जागांची आलटापालट झाली, बसलेले उठले, उभे बसले, कुणी काही बोललं नाही. एकाने मेथीचे ठेपले काढले. मोदी-ठाकरे-पवार या क्रमाने राजकारण झालं. दसऱ्याला डब्याला झेंडूची तोरणं बांधायची वर्गणी जूनमध्येच निघाली आणि माझेही शंभर रुपये गेले. मी काही बोललो नाही. चप्पलवाली सीट घेतली होती.

"तुम्ही दादरला ना? घाटकोपर आलं की उठायचं," सडपातळ माणसाने सांगितलं. घाटकोपरला त्याने मला उभं केलं. कुर्ल्याला कोणीतरी माझी सॅक पुढे फिरवली. मग सहा जणांनी मला हातोहात पुढे दिलं, लग्नात पंगतीवरून द्रोण देतात तसं. "दादर आहे, दादर आहे, जाऊ द्या!" दाराशी शेवटचा हात दादाचा होता. त्याने खांदा दाबला. त्यात काहीतरी निरोपाचं होतं, पण मागे वळून बघायच्या आत मी फलाटावर होतो. चष्म्यासकट. माझी छत्री बदलली होती. आली ती जास्त चांगली होती.

दुपारी मोबाइल वाजला. दादाने मला त्यांच्या ग्रुपवर घेतलं होतं.

तेव्हापासून रोज सकाळी सातच्या सुमारास मेसेज येतात. 'सात एकोणीस चार मिनिटं लेट.' 'अंबरनाथवाले आज कमी.' 'ठेपले आणतोय, कुणी नाश्ता करू नका.' मी परळला अंथरुणात असतो. ऑफिस माझं चालत वीस मिनिटांवर आहे. पण गाडी लेट आहे कळलं की मला पुन्हा डोळा लागत नाही. उठून बसतो, जागा मिळाली का त्याची वाट बघतो, मिळाली की चहा ठेवतो.

परवा सव्वासात झाले तरी मोबाइल गप्प. साडेसात झाले. मला राहवेना, मी दादाला फोन लावला.

"काय रे, गाडी रद्द झाली की काय?"

बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला.

"अरे," दादा झोपेतून म्हणाला, "रविवार आहे."