मुलाखत माझी, गप्पा काकांच्या

कालपासून रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. त्यात मी जवळजवळ नाहीच. फोन माझा, पॉवर बँक माझी, टेबल मी अडवलेलं आणि आवाज काकांचा.

आमच्या तालुक्यातला एक पोरगा मुंबईत स्टँडअप करतो, तो जत्रेला आलेला म्हणून कणकवलीच्या खानावळीत गाठला. रात्री जागून बावीस प्रश्न काढलेले. पहिला, 'तुमच्या प्रवासाबद्दल सांगा.' म्हणाला, "तुतारी एक्स्प्रेसने आलो." मी हसलो, कॉमेडियनसमोर हसावंच लागतं. मग त्याने स्ट्रगल, पॅशन वगैरे नेहमीची टेप लावली. तेवढ्यात शेजारचे काका खुर्चीसकट सरकले, त्यांच्या एसटीला वेळ होता.

"कोणाचो झील रे तू?"

त्याने सांगितलं.

"मुंबैक काय करतंस?"

"उभं राहून विनोद सांगतो."

"बसान सांगूक जमणा नाय?"

माझ्या बावीसात असला एकही प्रश्न नव्हता हो. तो खो खो हसला, मघाशी माझ्या प्रश्नांवर नुसती मान हलवत होता.

"लिवन नेतंस?"

"पाच मिनिटांसाठी दोन महिने लिहितो."

"पाच मिन्टा? आमचो संकासुर कागद कधी बघूक नाय!"

आता हे खरंय. कोकणातल्या दशावतारी नाटकात लिहिलेली संहिता नसते, कथा ठरते आणि संवाद नट रंगमंचावरच रचतात, पहाटेपर्यंत. काळ्या कपड्यातला, लाल जीभ लोंबणारा संकासुर तर देवळासमोर समोरच्याची मालवणीत पार सालटी काढतो. मुंबईत यालाच क्राउडवर्क म्हणतात आणि तिकीट लावतात. आमच्याकडे तोच नट सकाळी पेटारा उचलून पुढच्या गावाला. "रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा," काका म्हणाले आणि माझा ग्लास उचलला.

कॉमेडियन एकदम गप्प झाला. मग म्हणाला, दिवसा नोकरी करतो, सुरुवातीला ओपन माइकला, म्हणजे नवख्यांच्या स्टेजवर, स्वतःचेच पैसे भरून चढायचो, पहिल्यांदा फक्त एक वेटर हसला, तोही मोबाइल बघून.

"बापाशीक काय सांगलंस?"

"त्यांना ठाऊक आहे. पण गावात सांगतात, बँकेत आहे. परवा जत्रेत एकाने मला कर्जाचं विचारलं."

हाच माझा चौदावा प्रश्न होता! 'घरच्यांची प्रतिक्रिया?' मला उत्तर काय मिळालं, तर 'सपोर्टिव्ह'. काकांना बाप, बँक, कर्ज सगळं. मी त्याचे जुने व्हिडिओ बघून डोळे फोडले, वर मानधन म्हणून 'पुढच्या वेळी बघू' मिळणार, आणि ज्यांना स्टँडअप म्हणजे काय तेही माहीत नाही त्यांच्यापुढे हा मोकळा. माणसं तयारी करून येणाऱ्यालाच का टाळतात कळत नाही. राग आला तो अजून गेलेला नाही.

एसटी लागली तसे काका उठले. जाताना त्याला म्हणाले, "बँकेत कर्ज गावता काय बघ."

चाळीस मिनिटांत माझं एकच वाक्य स्वच्छ ऐकू येतं, "काका, ती माझी सोलकढी आहे." त्यावर अख्खी खानावळ हसलीय, कॉमेडियन सगळ्यात जोरात. बिल मीच भरलं. काकांच्या बांगड्यासकट.