संधिवाताच्या देणग्या ‘दाबून’ कोण बसलंय? एका फॉरवर्डला उत्तर

ठाण्यातल्या आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तो मजकूर परत आला. आधी माहेरच्या ग्रुपवर आला होता, मग उपवनला फिरायला जाणाऱ्या मंडळींच्या. थोडक्यात असा: संधिवातावरच्या संशोधनासाठी देणग्या घेणाऱ्या परदेशी संस्था कोट्यवधी रुपये बँकेत दाबून बसल्यात, ऐंशी वर्षांत त्यांना काही सापडलेलं नाही, त्या औषध कंपन्यांच्या दलाल आहेत, स्वस्त औषधं दडपतात; तेव्हा निर्गुडीचं तेल लावा आणि हे दहा जणांना पाठवा.

मी बावीस वर्षं ट्रस्टांचे हिशेब तपासले आणि अकरा वर्षं मला ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो. गप्प बसणं जमलं नाही.

‘पैसे दाबून बसल्यात.’ इथे जरा थांबते, कारण ताळेबंद वाचायची सवय नसलेला माणूस इथेच हमखास फसतो. संशोधनाचं अनुदान म्हणजे गणपतीची वर्गणी नव्हे, की गोळा केली आणि दहा दिवसांत संपवली. शास्त्रज्ञ अर्ज करतो, त्याच विषयातले बाहेरचे लोक त्या अर्जाची चिरफाड करतात, मग समिती बसते. ब्रिटनच्या व्हर्सस आर्थ्रायटिस (आताचं नाव आर्थ्रायटिस यूके) सारख्या संस्थेत या कामात रुग्णांनाही घेतात. मंजुरी मिळाली की तीन किंवा पाच वर्षांचा शब्द दिला जातो. पैसे मात्र काम होईल तसे हप्त्यांनी सुटतात. म्हणजे आज खात्यात दिसणारी रक्कम बरीचशी आधीच कुणाला तरी कबूल केलेली असते. मुलीच्या लग्नाचा हॉल ठरवून आगाऊ रक्कम दिली, उरलेले पैसे बँकेत आहेत, म्हणून बापाला चिकट म्हणाल का? आपल्याकडेही करसवलत टिकवायची तर धर्मादाय ट्रस्टला वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के खर्चावे लागतात. उरलेल्या १५ टक्क्यांहून जास्त राखायचे तर ठरलेला फॉर्म भरून कारण लिहायचं आणि पाच वर्षांत ते त्याच कामाला लावायचे. हा फॉर्म भरायला विसरलेले विश्वस्त कसे घाम पुसतात, ते मी पाहिलंय. अमेरिकेतल्या मोठ्या संस्थांना तर दरवर्षी करखात्याला द्यायच्या फॉर्म ९९० मध्ये वरिष्ठांचे पगार नावानिशी द्यावे लागतात आणि तो कुणालाही बघता येतो.

‘ऐंशी वर्षांत काही सापडलं नाही.’ व्हर्सस आर्थ्रायटिसचं मूळ १९३६ च्या एम्पायर ऱ्हुमॅटिझम कौन्सिलमध्ये आहे. तिच्याच वंशातल्या संस्थेने लंडनच्या केनेडी इन्स्टिट्यूटला वर्षानुवर्षं पैसा पुरवला. तिथे मार्क फेल्डमन आणि लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी यांनी दाखवून दिलं, की सांध्यात पेटलेल्या आगीला टीएनएफ नावाचं एक प्रथिन वारा घालतं. ते अडवलं तर आग उतरते. १९९२ मध्ये चेअरिंग क्रॉस रुग्णालयात पहिल्या रुग्णांना ते प्रथिन अडवणारं औषध दिलं, २००३ मध्ये दोघांना वैद्यकातला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. पेटंटची रॉयल्टी त्या इन्स्टिट्यूटच्या केनेडी ट्रस्टकडे आली आणि ती पुन्हा संशोधनात गेली. रोग मुळापासून जात नाही, हे खरं. पण ‘काही सापडलं नाही’ हे वाक्य अशा औषधाच्या इंजेक्शनांमुळे पुन्हा जिना चढणाऱ्यांसमोर म्हणून दाखवा.

‘दलाल’ म्हणता, तर एक गोष्ट मीच सांगते. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला ती माहीत नसावी. १९९४ मध्ये अमेरिकेच्या आर्थ्रायटिस फाउंडेशनने आपलं नाव एका कंपनीच्या वेदनाशामक गोळ्यांना वापरू दिलं. आत नेहमीचीच औषधं होती. १९ राज्यांनी जाहिरातींवर आक्षेप घेतला आणि १९९६ मध्ये कंपनीला तडजोडीचे पैसे मोजावे लागले. चूक होती, लाज वाटण्याजोगी. तेव्हा कंपनीकडून किती पैसा आला, हे प्रत्येक संस्थेला जरूर विचारा. पण एका पाटीवरून सगळ्या प्रयोगशाळा विकल्या गेल्या असं ठरत नाही.

‘स्वस्त औषधं दडपतात.’ माझं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. ते १९४० च्या दशकात भारतीय शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या, लेडर्ली या अमेरिकी औषध कंपनीतल्या चमूने बनवलं, मुळात कर्करोगासाठी. आज जगभर ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचं पहिलं औषध तेच आणि आपल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये किरकोळ भावात मिळतं. (आठवड्यातून एकदाच घ्यायचं. रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, हे मात्र दहा जणांना पाठवा.) जुन्या औषधांवर कंपन्या पैसा लावत नाहीत, ही तक्रार रास्त आहे. म्हणूनच तिथे सरकारी आणि देणगीचा पैसा लागतो. २०१३ मध्ये मुख्यतः अमेरिकी सरकारच्या पैशाने झालेल्या चाचणीत मेथोट्रेक्सेटसकट तीन जुन्या औषधांचं त्रिकूट टीएनएफ अडवणाऱ्या महागड्या एटानरसेप्ट इंजेक्शनच्या तोडीस तोड ठरलं. दडपायचंच असतं तर ही चाचणी छापली कशाला?

राहिलं निर्गुडीचं तेल. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी स्वतः बाटली आणून दिली होती. काका, मी ते लावते, रात्री कोमट करून. गुडघ्याला बरं वाटतं. गोळी रविवारी, तीही चालू आहे.