आधी आपण गप्प बसायला शिकू

बौद्धिक अक्षमता असलेला १७-१८ वर्षांचा मुलगा दात घासतोय. शेजारी आई उभी. "ब्रश घे. पेस्ट लाव. एवढी नको. आता वरचे. मागचे राहिले बघ. चूळ भर. नळ बंद कर." मुलगा एकेक करून सगळं करतो आणि वहीत नोंद होते: दात घासणे, येते. माझ्या मते तिथे खरी नोंद अशी हवी: आईच्या सूचना ऐकणे, येते. दात घासणं येतं की नाही, हे अजून कुणी पाहिलेलंच नाही. ते पाहायचं तर आईनं दाराबाहेर थांबून तीन मिनिटं तोंडातून अक्षरही काढायचं नाही. बहुतेक घरांत हा प्रयोग कधी होतच नाही.

ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, डाउन सिंड्रोम, एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जातं ती स्थिती) असलेल्या तरुणांना घरकाम आणि स्वतःची निगा शिकवताना सर्वांत जास्त वापरली जाणारी मदत म्हणजे बोलणं. आणि काढून घ्यायला सर्वांत अवघड मदतही तीच. हाताची मदत हळूहळू कमी करता येते: आधी मनगट धरायचं, मग कोपराला नुसता स्पर्श, मग खांद्याला, मग हात जवळ पण न लावता, आणि मग एक पाऊल मागे. शब्दाचं तसं होत नाही. तो एक तर बोलला जातो किंवा नाही. पुटपुटून, अर्धा शब्द बोलून कमी करता येतो म्हणतात, पण प्रत्यक्षात घाईच्या सकाळी अर्ध्याचा पूर्ण व्हायला वेळ लागत नाही. शिवाय रोज तोच शब्द त्याच जागी आला की तो कामाचाच एक भाग होऊन बसतो. पेस्टचं झाकण लावलं की मुलगा थांबतो, कारण त्याच्या लेखी पुढची पायरी 'आई बोलते' ही आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. ऐकलेलं वाक्य समजून हालचाल सुरू व्हायला काहींना सहज ५ ते १० सेकंद लागतात. आपण दोन सेकंदांत तेच वाक्य वेगळ्या शब्दांत पुन्हा म्हणतो. झालं, त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. 'ऐकतच नाही' अशी तक्रार असते तिथे पुष्कळदा ऐकणं चालूच असतं, आपण ते मध्येच मोडत असतो.

१९७०च्या दशकात अमेरिकेत विशेष शिक्षणाचे अभ्यासक मार्क गोल्ड यांनी तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांना सायकलच्या ब्रेकचे सुटे भाग जोडायला शिकवलं. ज्यांच्याकडून कुणी काही अपेक्षाच ठेवत नव्हतं अशी ही माणसं. शिकवताना बोलणं अगदी मोजकं, आणि चुकलं तर एवढंच: दुसऱ्या पद्धतीनं करून बघ. त्यांचं म्हणणं साधं होतं. समोरचा शिकला नाही तर आधी दोष शिकवण्याच्या पद्धतीत शोधा. पन्नास वर्षं उलटली तरी अजून कित्येकांना हे पचत नाही.

मग बोलायचं नाही तर करायचं काय? कामाच्या पायऱ्या पाडायच्या, म्हणजेच टास्क अ‍ॅनालिसिस. पण त्या खुर्चीत बसून लिहायच्या नाहीत. एकानं काम करायचं, दुसऱ्यानं हाताची प्रत्येक हालचाल लिहायची. वॉशिंग मशीन घ्या. खुर्चीत बसून लिहिलं तर पाच पायऱ्या होतात: कपडे घाला, पावडर टाका, झाकण लावा, बटण दाबा, वाळत घाला. बघून लिहिलं की वीसच्या आसपास जातात, आणि काम कुठे अडतं तेही दिसतं. बटण दाबण्यात ते जवळजवळ कधीच अडत नाही. अडतं ते तीन ठिकाणी. आज धुवायचे की नाही, हे ठरवताना. पावडर किती, हे ठरवताना. आणि मशीन चालू झाल्यावर, कारण पुढचा पाऊण-एक तास करण्यासारखं काही नसतं, माणूस दुसऱ्या खोलीत जातो आणि ओले कपडे संध्याकाळपर्यंत आत कुबट होतात. निर्णय आणि वाट पाहणं या पायऱ्या डोळ्यांना दिसत नाहीत म्हणून यादीतून सुटतात.

या तिन्ही जागी शिकवणीपेक्षा वस्तू बदलणं स्वस्त पडतं. मळक्या कपड्यांच्या टोपलीवर आतून एक पट्टी चिकटवा. कपडे पट्टीला टेकले की आज धुवायचे. पावडरच्या मापावर पक्क्या शाईच्या मार्करनं रेघ मारा. मशीनच्या डायलवर रोजच्या एकाच प्रोग्रॅमसमोर नेलपॉलिशचा ठळक ठिपका द्या, बाकीचे प्रोग्रॅम वर्षभर नाही वापरले तरी काही बिघडत नाही. ड्रममध्ये कपड्यांच्या वर एक हात सरळ जाईल इतकी जागा रिकामी ठेवायची, तेवढी जागा नसेल तर कपडे काढायचे. आणि मशीन सुरू केलं त्याच क्षणी खिशात राहील असा टायमर लावायचा. तो वाजला की कपडे बाहेर. हे सगळं झाल्यावर तुमच्या बोलण्याची जागा रेघ, ठिपका आणि टायमर घेतात. तुम्ही घरी नसतानाही ते तिथेच असतात. मला या सगळ्या विषयात महत्त्वाचं वाटतं ते एवढंच: आठवण माणसाच्या तोंडात नको, वस्तूत हवी. कुणी म्हणेल, मग तो ठिपक्यावर अवलंबून राहील. राहू दे की! आपण सगळे अलार्मवर अवलंबून आहोत.

पायऱ्या कुठून शिकवायच्या यावर दोन शब्द. लांबलचक कामात मला शेवटाकडून शिकवणं जास्त पटतं, म्हणजे बॅकवर्ड चेनिंग. सुरुवातीच्या सगळ्या पायऱ्या तुम्ही करायच्या, शेवटची त्यानं. ती जमली की शेवटच्या दोन. प्रत्येक वेळी काम त्याच्या हातून संपतं. पहिल्या पायरीपासून सुरू केलं तर आठवडे जातात आणि त्याच्या हातून पूर्ण झालेलं काम एकही नसतं. छोटी कामं मात्र सरळ सगळी एकत्र घ्यावीत.

हाताची किंवा खुणेची मदत पहिल्या काही वेळा लगेच द्या, मध्ये अजिबात थांबू नका, म्हणजे चुकीची सवय लागत नाही. मग ३ सेकंद थांबा, मग ५. मनात मोजा, ओठ हलवू नका (तो ओठ वाचतो!). चुकतंय असं दिसलं तर "नाही नाही" न म्हणता हालचाल अर्ध्यातच अडवा, एक पायरी मागे न्या आणि तिथून बरोबर करून घ्या. चूक पूर्ण होऊ देऊन नंतर दुरुस्त केली की 'चूक आणि मग दुरुस्ती' ही जोडीच पाठ होते. उलटा शर्ट घालायचा, थांबायचं, आपल्याकडे बघायचं, मग सुलटा करायचा. हे ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल.

"स्वच्छ होईपर्यंत घास" ही सूचना तर काढूनच टाका. स्वच्छ म्हणजे किती? त्याऐवजी: वाटाण्याएवढी पेस्ट, तोंडाचे चार भाग, प्रत्येक भागाला ३० सेकंद, मिळून २ मिनिटं. वाळूचं घड्याळ, नाहीतर दर ३० सेकंदांनी थरथरून खूण देणारा विजेचा ब्रश. आणि दात घासायलाच नकार असेल तर हट्ट समजण्याआधी पेस्ट बदला. पुदिन्याची चव काहींना अक्षरशः झोंबते, फेसानं मळमळतं. बिनचवीची, कमी फेसाची पेस्ट आणि मऊ ब्रश दिल्यावर महिनोन्महिने चाललेलं भांडण मिटू शकतं.

शाळेत येतं, घरी येत नाही, ही तक्रार इतकी जुनी आहे की १९७७ साली स्टोक्स आणि बेअर या वर्तनशास्त्रज्ञांनी तिच्यामागच्या पद्धतीला नावच दिलं: शिकवा आणि आशा करा. केंद्रात सकाळी ११ वाजता दात घासायला शिकवायचं आणि ते घरी रात्री आपोआप होईल अशी आशा करायची. होत नाही. फिरवायचा नळ, दांड्याचा नळ, हात खाली धरला की सुरू होणारा नळ, हे तीन वेगळे नळ आहेत आणि तिन्ही शिकवावे लागतात. शिकवणारी माणसंही किमान दोन हवीत, नाहीतर ते कौशल्य एकाच माणसाशी बांधलं जातं.

आता एका गल्लतीबद्दल, कारण तिनं फार नुकसान होतं. पदवी आहे, नोकरी आहे, पण चार दिवस आंघोळ झालेली नाही आणि सिंकमध्ये भांड्यांचा ढीग आहे, अशा ऑटिस्टिक किंवा एडीएचडी असलेल्या प्रौढाला आंघोळीच्या पायऱ्यांचा तक्ता देऊ नका. त्याला पायऱ्या येतात. त्याचं अडतं ते सुरुवातीला. तिथे शिकवणं हा अपमान आहे. तिथे कामाचं पुढचं टोक छोटं करावं लागतं: टॉवेल आणि कपडे आदल्या रात्रीच बाथरूममध्ये, आंघोळ एखाद्या पक्क्या सवयीला जोडलेली, भांडी घासताना कुणीतरी त्याच खोलीत आपलं काम करत नुसतं बसलेलं. ओल्या खरकट्याचा स्पर्श सहन होत नसेल तर हातमोजे. शिवाय काहींना भूक, तहान, लघवीची जाणीव वेळेवर होतच नाही, एकदम टोकाला जाऊन होते. त्यांना 'भूक लागली की खा' हा सल्ला निरुपयोगी. त्यांनी घड्याळ बघून खावं.

धोक्याच्या कामांना सगळे घाबरतात. अपंगांच्या हक्कांसाठी लिहिणारे अमेरिकन लेखक रॉबर्ट पर्स्के यांनी १९७२ मध्येच लिहिलं होतं की धोका पत्करण्यातही माणसाची प्रतिष्ठा असते. मान्य, पण सगळे धोके एका मापाचे नाहीत. अंडं जास्त उकडलं तर उकडू द्या. शिकवायचं ते क्रमानं: आधी टायमर १२ मिनिटांवर, मगच शेगडी सुरू. भांड्याची दांडी आतल्या बाजूला. गरम भांडं धरायला फडकं कोरडंच. ओल्या फडक्यातून उष्णता झटकन हाताला पोचते, आणि हात पुसलेलं फडकंच पुन्हा वापरलं जातं म्हणून भाजण्याचे प्रकार होतात. वेळ भरली की आपोआप बंद होणारी इंडक्शन शेगडी मिळाली तर निम्मी काळजी मिटते. नळाचं गरम पाणी ४९ अंश सेल्सिअसच्या वर जाणार नाही असं हीटरवरच लावून ठेवा. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, ४९ला त्याच भाजण्याला काही मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात हात मागे घेता येतो.

औषधांत मात्र चुकून शिकण्याला जागा नाही. सात दिवसांचा खणांचा डबा, भरणारा दुसराच कुणी, खण रिकामा म्हणजे गोळी घेतली. नुसता अलार्म फसतो, कारण तो बंद करणं हेच काम होऊन बसतं. फोन आणि डबा एकाच जागी ठेवा आणि क्रम शिकवा: डबा उघड, गोळी घे, मग अलार्म बंद.

मुलींना पाळीबद्दल पाळी आल्यावर नव्हे, बरीच आधी शिकवा. आतल्या कपड्यावर पॅडच्या आकाराची रेघ शिवून किंवा काढून ठेवा, म्हणजे कुठे चिकटवायचं ते दिसतं. बदलायचं ते दर ४ ते ६ तासांनी, घड्याळ बघून. 'भरल्यावर' हा निकष पुष्कळ जणींना कळत नाही. आणि मुलगा असो वा मुलगी, दाराची कडी लावणं आणि "नको" म्हणणं ही शिकवणीच्या पहिल्याच वर्षात घ्यायची कौशल्यं आहेत. प्रत्येक सूचना मुकाट पाळायला शिकलेल्या माणसाचा गैरफायदा घेणं फार सोपं असतं. म्हणून मदत करणाऱ्यानंही हात लावण्याआधी विचारायचं आणि "नको" आलं तर थांबायचं. वेळ वाया गेला तरी चालेल.

या कडीच्या तुलनेत बुटाच्या लेस बांधण्यावर जी वर्षं घालवली जातात ती मला समजत नाहीत. वेल्क्रो आहे, इलॅस्टिकच्या लेस आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या अपंगांच्या हक्कविषयक करारातलं कलम १९ स्वतंत्र जगण्याबद्दलच आहे, आणि त्यात कुठे, कुणासोबत राहायचं हे निवडण्याचा हक्क आहे, सोबत मदत मिळण्याचाही. सगळं स्वतःच्या हातानं करता आलं पाहिजे अशी अट त्यात नाही. आधी काय शिकायचं, हेही त्या माणसालाच विचारा. बोलता येत नसेल तर चित्रं पुढे ठेवा.

सुरुवात करायची असेल तर एकच काम निवडा आणि पहिला आठवडा काही शिकवू नका. खिशात कागद ठेवा, त्या कामात तुम्ही जितक्या वेळा बोललात तितक्या रेघा मारा. आकडा बघून दचकाल. दुसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक पायरीपुढे एक अक्षर लिहा: स्वतः केलं तर 'स्व', खूण बघून केलं तर 'ख', हात लावावा लागला तर 'हा', सांगावं लागलं तर 'बो'. 'हा'पेक्षा 'बो' ही वाईट नोंद समजा. खोलीत कुणीही नसताना सलग तीन दिवस काम झालं तरच ते आलं असं म्हणा, आणि महिन्यानं पुन्हा एकदा तपासा. गप्प राहिल्यावर पहिले दोन-तीन दिवस काम बिघडेल. पेस्ट न लावताच ब्रश फिरेल, नळ वाहत राहील. घाबरून बोलू नका, लिहून ठेवा: आजवर तुमच्या तोंडातच राहिलेल्या पायऱ्या त्याच.