‘एकच प्रीसेट लावायचा आणि स्टाईल म्हणायचं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जेजुरीच्या फोटोंवरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं : ‘एकच प्रीसेट सगळीकडे लावायचा आणि त्याला स्वतःची स्टाईल म्हणायचं, हे फिल्टरवाल्यांचं काम. भंडारा पिवळाधमक असतो, तुम्ही त्याची माती केलीत. शिवाय पायऱ्यांचा फोटो तिरका आहे.’ (प्रीसेट म्हणजे एडिटिंगची जपून ठेवलेली, एका क्लिकवर लागणारी सेटिंग्ज.)

पायऱ्यांचा फोटो तिरका आहे, मान्य. दीपमाळ डावीकडे कललेली दिसत होती. सरळ करून पुन्हा टाकलाय.

पण ‘फिल्टरवाले’? ओळख ना पाळख, एकदम माणसाची लायकी काढायची? चूक दाखवायला माझी ना नाही, फक्त ती दाखवायची एक रीत असते.

माझ्या वडिलांचा साताऱ्यात फोटो स्टुडिओ होता. मी नववीपासून त्यांच्याबरोबर डार्करूममध्ये उभा राहिलोय. लाल दिव्याखाली, एनलार्जरचा, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून पाडणाऱ्या यंत्राचा, उजेड कागदावर पडत असताना तारेला चिकटवलेली पुठ्ठ्याची टिकली चेहऱ्यावर धरायची, म्हणजे चेहरा काळवंडत नाही. ती सतत हलती ठेवायची. हात थांबला की चेहऱ्याभोवती पांढरट गोल उमटायचा आणि कागद वाया. हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनाचा, वास रात्री जेवतानाही बोटांना असायचा. तेही एडिटिंगच होतं. अन्सेल अ‍ॅडम्स या नावाजलेल्या अमेरिकन फोटोग्राफरनं न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र 1941 साली टिपला आणि पुढं कित्येक वर्षं त्याच निगेटिव्हवरून प्रिंट काढत राहिला. नंतरच्या प्रिंटमध्ये आकाश जवळजवळ काळं आहे. त्याला कुणी फिल्टरवाला म्हणेल का?

प्रीसेट मी लावतो, लपवत नाही. पण तो माझाच आहे, स्लायडर इकडंतिकडं करत कित्येक वर्षांत बसवलेला, आणि त्यानं कामाची फक्त सुरुवात होते. त्या वाघ्याचाच फोटो घ्या. दुपारच्या उन्हात उधळलेला भंडारा कॅमेऱ्यात लाल चॅनेलला आधी क्लिप होतो, म्हणजे लाल रंगाची नोंद कमाल पातळीला जाऊन तिथंच अडकते. पावडरीचा कण न् कण जातो आणि उरतो नुसता सपाट पिवळा डाग. म्हणून एक्सपोजर खाली आणलं, मग पिवळ्याचा ल्युमिनन्स, म्हणजे त्या रंगाचा उजळपणा, उतरवला. तसं केल्यावर चेहरा राखाडी पडला, कारण हळद माखलेल्या कातडीत पिवळा आणि नारिंगी एकमेकांत मिसळलेले असतात. मग चेहऱ्याला वेगळं मास्क, म्हणजे तेवढाच भाग निवडून त्यावर वेगळं काम. एवढं केल्यावर त्याच्या भुवयांच्या केसाकेसात अडकलेला भंडारा दिसायला लागला. एका फोटोला चाळीस मिनिटं गेली. तुम्ही कधी एक रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेली कच्ची फाइल, उघडून तिच्यासमोर चाळीस मिनिटं बसला आहात का?

सगळे फोटो एका हातचे वाटतात, हा तुम्हाला दोष वाटतो. मी त्यासाठीच राबलोय. वडिलांनी काढलेला फोटो साताऱ्यात कुणाच्याही भिंतीवर असला तरी मी मागचा शिक्का न बघता ओळखायचो.

बाकी ‘माती’ वगैरेवर बोलत बसत नाही. भडक रंगच बघायची सवय झालेल्याला कुठलाही शांत पिवळा मातकटच दिसणार.

त्या वाघ्याची मूळ रॉ फाइल आणि माझी तयार फाइल, दोन्ही शेजारीशेजारी टाकतोय. बघा, आणि पटलं तर तो ‘फिल्टरवाले’ शब्द तेवढा मागे घ्या.