गोंदेश्वर आणि १.६१८: फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराच्या फोटोवर सोनेरी सर्पिल काढलेला एक मेसेज सध्या नाशिककरांच्या ग्रुपवर फिरतोय. त्यात म्हटलंय, की शिखर सुवर्ण गुणोत्तरावर, म्हणजे १.६१८ वर बेतलेलं आहे आणि तेव्हाच्या स्थपतींना फ्रॅक्टलचं, म्हणजे ज्याच्या प्रत्येक भागात पूर्ण आकारच पुन्हा दिसतो अशा रचनेचं, गणित ठाऊक होतं.

सर्पिलाला काहीही आधार नाही. खालून, तिरक्या कोनातून काढलेल्या फोटोवर मापं घेताच येत नाहीत. शिवाय सुरुवात कुठून करायची हे आपणच ठरवलं, की सर्पिल कशावरही बसतं. वास्तुग्रंथांतली मांडणी चौरसांची आहे, ६४ किंवा ८१ पदांच्या, म्हणजे छोट्या चौकोनी घरांच्या, मंडलाची.

फ्रॅक्टलबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण तिथे खरंच बघण्यासारखं आहे. गोंदेश्वर भूमिज शैलीतलं. शिखराच्या चारही बाजूंनी एकेक उभा पट्टा, म्हणजे लता, वर चढत जातो. दोन लतांच्या मधल्या जागेत चिमुकल्या शिखरांच्या रांगा आहेत आणि वरच्या रांगेत ती लहान होत जातात. पूर्ण शिखराचा आकार त्याच्याच भागांत पुन्हा येतो, हे अगदी खरं. पण गणितज्ञ मॅन्डेलब्रॉटने १९७५ मध्ये ज्याला फ्रॅक्टल हे नाव दिलं, त्यात ही पुनरावृत्ती अखंड चालते. दगडात ती लवकरच थांबते. तेव्हा ‘स्वसदृश रचना’ म्हणा, ते बरोबर आहे.

मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर सर्पिल काढून टाका आणि शिखराच्या कोपऱ्याचा जवळून घेतलेला फोटो जोडा.